पटलावर आलेला साकव

एकतीस वर्षे मी पाटण तालुक्यातल्या एका शाळेत इतिहास आणि नागरिकशास्त्र शिकवले. विधानसभेचा पाठ दिवाळीच्या सुट्टीनंतर यायचा. फळ्याच्या डाव्या बाजूला 'सदस्यसंख्या २८८', त्याखाली 'मुदत ५ वर्षे', त्याखाली 'अध्यक्ष, उपाध्यक्ष' असे मी ओळीने लिहायचे, मुले वहीत उतरवून घ्यायची आणि परीक्षेत त्यावर दोन गुणांचा प्रश्न यायचा. पाठ संपला की संपला.

मग एका पावसाळ्यात मोरणा नदीच्या खोऱ्यातल्या एका वाडीचा साकव ओढ्याबरोबर वाहून गेला. त्या वाडीतली अकरा मुले माझ्या शाळेत होती. पाऊस लागला की ती दिसेनाशी व्हायची, ती थेट गणपतीनंतर उगवायची. वाडीतली माणसे एका रविवारी घरी आली आणि म्हणाली, "बाई, तुमास्नी लिवाय येतंय, तुमीच अर्ज लिवा." तो अर्ज लिहिला आणि त्याच्या मागेमागे मी मुंबईला विधान भवनाच्या प्रेक्षक सज्ज्यापर्यंत गेले. त्या वाटेवर जे कळत गेले ते आठवेल तसे सांगते आहे.

१. २८८ हा आकडा नाही, गावांची यादी आहे.

मतदारसंघांना क्रमांक असतात, हे मला ठाऊक होते. पण ती यादी मी कधी वरून खालपर्यंत वाचली नव्हती. पहिला क्रमांक अक्कलकुव्याचा, पार सातपुड्यात, नर्मदेच्या अंगाला. शेवटचा, २८८ वा, आपल्या सांगलीतल्या जतचा, कर्नाटकाच्या हद्दीला टेकलेला. आमचे पाटण २६१. सातारा जिल्ह्याला आठ जागा, सांगलीलाही आठ. एकूण जागांपैकी २९ अनुसूचित जातींसाठी आणि २५ अनुसूचित जमातींसाठी राखीव. आपल्याकडे फलटण आणि मिरज त्या २९ मधले. ही यादी वाचताना नकाशावर बोट फिरवत गेले आणि जाणवले, की प्रत्येक क्रमांकामागे कुठला तरी घाट, कुठली तरी नदी, कुठला तरी मोडका रस्ता आहे. पुढच्या वर्षी मी फळ्यावर नुसता आकडा लिहिला नाही. महाराष्ट्राचा नकाशा भिंतीला लावला आणि मुलांना आधी अक्कलकुवा शोधायला सांगितला, मग जत, मग आपले गाव. तास संपला तरी मुले नकाशापाशीच होती.

२. सगळ्यात उंच खुर्चीवरचा माणूस आपल्या तालुक्याबद्दल बोलत नाही.

पाटणच्या माणसाला हे उमगायला हवेच, कारण आमच्या तालुक्याने ते पाहिले आहे. लोकनेते बाळासाहेब देसाई १९७७-७८ मध्ये विधानसभेचे अध्यक्ष होते. त्याआधी ते शिक्षण, गृह, महसूल अशी मोठमोठी खाती सांभाळून आलेले. शिक्षणमंत्री असताना त्यांनी कमी उत्पन्नाच्या घरांतल्या मुलांना फी माफ करणारी ईबीसीची सवलत आणली; माझे स्वतःचे हायस्कूल त्या सवलतीवर झाले, त्यामुळे त्यांचे नाव घेताना माझा आवाज आजही थोडा बदलतो. माझे सासरे सांगायचे, की साहेब अध्यक्ष झाले तेव्हा गावात पेढे वाटले; पण पारावर एक म्हातारबा म्हणाले, "आता आपलं गाऱ्हाणं तितं कोण मांडणार?"

म्हातारबांचा प्रश्न बरोबर होता, हे मला सज्ज्यात बसल्यावर कळले. अध्यक्ष प्रश्न विचारत नाहीत, चर्चेत भाग घेत नाहीत, एरवी मतही देत नाहीत. दोन्ही बाजूंना समान मते पडली तरच त्यांचे मत मोजायचे. ते बोलतात ते दुसऱ्याला बोलता यावे म्हणून. "माननीय सदस्यांनी खाली बसावे", "मंत्र्यांचे उत्तर येऊ द्या", "प्रश्न राखून ठेवण्यात येत आहे" एवढेच शब्द मी त्या दिवशी वीसेक वेळा ऐकले. इंग्रजांच्या देशात सभागृहाचे म्हणणे राजाच्या कानावर घालायची जबाबदारी या माणसाची असायची, म्हणून त्याला 'स्पीकर' म्हणत. राजाची इतराजी ओढवून घ्यायचे ते काम. आपण त्यांना 'अध्यक्ष' म्हणतो आणि विधान परिषदेतल्यांना 'सभापती'. मुले या दोन शब्दांत हमखास गोंधळायची.

त्या गोंधळावर मला पुढे एक उपाय सापडला. १९७७ चा उत्तरार्ध घ्या. विधानसभेचे अध्यक्ष बाळासाहेब देसाई, पाटणचे. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे, तासगाव तालुक्यातल्या विसापूरचे, १९६० पासून त्या खुर्चीत. आणि मुख्यमंत्री वसंतदादा पाटील, सांगलीचे. राज्याच्या कारभाराच्या तिन्ही मोठ्या खुर्च्यांत कृष्णा-कोयनेच्या मुलखात वाढलेली माणसे बसली होती. विधिमंडळ तेव्हा मुंबईत रीगल सिनेमाजवळच्या जुन्या काउन्सिल हॉलमध्ये भरायचे, जिथे आता पोलीस मुख्यालय आहे. नरिमन पॉइंटचे आजचे विधान भवन १९८१ चे. मुलांना मी ही तीन नावे सांगितली, तेव्हापासून अध्यक्ष कुठले नि सभापती कुठले हे एकाही मुलाने चुकवलेले आठवत नाही.

३. प्रश्न विचारायचा म्हणजे रांगेत उभे राहायचे.

आमचा अर्ज आमदारांच्या कार्यालयात दिला आणि त्याचा तारांकित प्रश्न झाला. तारांकित म्हणजे शेजारी फुली किंवा चांदणी असलेला, ज्याचे उत्तर मंत्र्यांनी उभे राहून तोंडी द्यायचे. अतारांकिताचे उत्तर नुसते लेखी येते. हे मी शिकवले होते. मात्र सगळी खाती दिवसांत वाटलेली असतात, आपल्या खात्याचा दिवस यावा लागतो, त्या दिवसाच्या यादीत आपला क्रमांक वर लागावा लागतो, आणि हे सगळे जुळले तरी प्रश्नोत्तराचा तास एकच असतो, हे पाठ्यपुस्तकात नव्हते.

त्या तासाभरात मी सज्ज्यात बसून यादीवर बोट ठेवून मोजत होते. पहिल्या प्रश्नावर पंचवीस मिनिटे गेली. मूळ उत्तर छापील असते, ते कोणी वाचतही नाही. खरी झटापट उपप्रश्नांत असते. एक सदस्य विचारतो, मंत्री उत्तर देतात, लगेच दुसरा उठतो, "अध्यक्ष महोदय, माझा स्पेसिफिक प्रश्न आहे", आणि मग तिसरा. दुसऱ्या प्रश्नावर पंधरा मिनिटे. तिसऱ्यावर गोंधळ. चौथा सुरू झाला आणि तास संपला. आमचा प्रश्न बराच खाली होता. त्याचे उत्तर सभागृहात न बोललेल्या बाकीच्या प्रश्नांबरोबर छापून आले.

एसटीने रात्रभर बसून गेलेल्या आम्हा चौघांना त्या दुपारी फार वाईट वाटले. बरोबर आलेले पोलीस पाटील बोलले नाहीत, त्यांनी फक्त टोपी काढून मांडीवर ठेवली. मला मात्र एक गोष्ट त्या यादीत दिसली, ती मी त्यांना दाखवली. आमच्या साकवाच्या प्रश्नाखाली चार सदस्यांची नावे होती आणि त्यांतले एक विदर्भातले होते. ज्यांनी आमचा ओढा कधी पाहिला नसेल त्यांनी त्या प्रश्नाला आपले नाव दिले होते. पोलीस पाटलांनी ते नाव दोनदा वाचले.

४. उत्तराची भाषा वाचायला शिकावी लागते.

छापील प्रश्न असा असतो: 'खालील गोष्टींचा खुलासा करतील काय', मग '(१) अमुक वाडीचा साकव वाहून गेला, हे खरे आहे काय', '(२) असल्यास, विद्यार्थ्यांची गैरसोय होत आहे, हे खरे आहे काय', '(३) असल्यास, याबाबत कोणती कार्यवाही केली वा करण्यात येत आहे', '(४) नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत'. उत्तरात पहिल्यापुढे 'होय'. दुसऱ्यापुढे 'अंशतः खरे आहे'. तिसऱ्यापुढे चार ओळी. चौथ्यापुढे 'प्रश्न उद्भवत नाही'.

'अंशतः' या शब्दाने माझा संताप झाला. अकरा मुले शाळेत येत नाहीत हे अंशतः कसे खरे असेल? घरी येऊन मी ते चार-चार वेळा वाचले आणि मग तिसऱ्या उत्तराकडे नीट पाहिले. त्यात म्हटले होते, की साकवाची कामे जिल्हा वार्षिक योजनेतून घेतली जातात आणि सदर कामाबाबत तपासणी करून निधीच्या उपलब्धतेनुसार कार्यवाही करण्यात येईल. म्हणजे आम्ही राज्याच्या दारात उभे होतो आणि साकवाचे पैसे जिल्हा नियोजन समितीच्या टेबलावरून येणार होते. हे आम्हाला साताऱ्यातच कोणी सांगितले असते तर बरे झाले असते. तरी 'कार्यवाही करण्यात येईल' हे चारचौघांतले बोलणे नव्हते. मंत्र्यांच्या नावाने, तारीख घालून, विधानसभेच्या कागदात ते छापले गेले होते.

आणखी एक सांगायला हवे. त्या कागदात वाडीचे नाव चुकीचे छापले होते. पहिली वेलांटी दुसरी झाली होती आणि नावाचा अर्थच बदलला होता. मी मूळ अर्ज काढून पाहिला. चूक माझ्याच अक्षराची होती. घाईत लिहिलेली वेलांटी कुणीही तशीच वाचली असती. मुलांच्या वह्यांतल्या ऱ्हस्व-दीर्घाला मी तीस वर्षे लाल शाई लावली आणि जिथे एका वाडीचे नाव कायमचे नोंदले जाणार होते तिथे माझा हात घसरला. पुढचा अर्ज मी रकान्यातल्या अक्षरांसारखा सुटा सुटा लिहिला.

५. 'कनिष्ठ' सभागृहाकडे तिजोरीच्या किल्ल्या असतात.

दरवर्षी कुणीतरी मूल विचारायचेच, "बाई, कनिष्ठ म्हणजे कमी दर्जाचं का?" मी वर्षानुवर्षे 'तसं नाही' एवढेच म्हणत आले. का नाही, हे साकवाच्या पैशांमागे फिरताना कळले. मंत्रिमंडळ जबाबदार असते ते विधानसभेला. २८८ पैकी १४५ जण जोवर पाठीशी तोवर सरकार. खात्यांच्या अनुदानाच्या मागण्या मंजूर करायच्या त्या विधानसभेनेच. धन विधेयक ७८ सदस्यांच्या विधान परिषदेकडे जाते, पण तिने चौदा दिवसांत शिफारशींसह परत द्यायचे. त्या शिफारशी मानायच्या की नाही हे पुन्हा विधानसभाच ठरवते. आणि एखादे विधेयक धन विधेयक आहे की नाही, यावर अध्यक्षांची सही अखेरची.

अर्थसंकल्पाच्या दिवशी दोन्ही सभागृहांत एकाच वेळी भाषण वाचले जाते, विधानसभेत वित्तमंत्री आणि परिषदेत वित्त राज्यमंत्री. २०२१ साली परिषदेत ते वाचले आमच्या पाटणच्या शंभूराज देसाईंनी, बाळासाहेबांच्या नातवाने. तालुक्यात राजकारण म्हटले की देसाई आणि पाटणकर ही दोन नावे येतात आणि माणसे त्यावर तावातावाने भांडतात; पण त्या दिवशी बाजारपेठेतल्या एका दुकानात टीव्हीसमोर दोन्ही बाजूंची माणसे उभी असलेली मी पाहिली.

६. विधेयके भराभर होतात आणि ते मला अजून पटलेले नाही.

"प्रस्तावाला अनुकूल असतील त्यांनी 'होय' म्हणावे." आवाज. "प्रतिकूल असतील त्यांनी 'नाही' म्हणावे." आवाज. "होयचे बहुमत आहे." पुढचे विधेयक. कधी कधी अख्खा कायदा चहा थंड व्हायच्या आत होतो. ज्या कायद्याने माणसांची शेते, शाळा, नोकऱ्या बदलतात त्याला अधिक वेळ मिळायला हवा. आमच्या कोयना खोऱ्यातल्या लोकांना हे लवकर कळते. धरणाचे काम १९५० च्या दशकात सुरू झाले, गावे उठली, पाण्याखाली गेली. प्रकल्पग्रस्तांच्या पुनर्वसनाचा राज्याचा कायदा १९७६ साली झाला. मधल्या वर्षांत ज्यांनी भांडीकुंडी उचलून नवी वाट धरली, त्यांच्या हातात दाखवायला पुनर्वसनाच्या कायद्याचे एक कलमही नव्हते. माझ्या वर्गात त्या घरांतली नातवंडे बसायची. कायदा उशिरा होणे म्हणजे काय, हे त्यांना समजावून सांगावे लागत नसे.

७. खरे काम समित्यांच्या खोल्यांत चालते.

हे मला एका निवृत्त अधिकाऱ्यांनी सांगितले. ते आमच्या गावचे जावई. विधिमंडळात बरीच वर्षे नोकरी करून आलेले. मी त्यांच्याकडे 'अंशतः'ची तक्रार घेऊन गेले होते. ते म्हणाले, "बाई, तुम्ही उत्तरावर रागावलात, पण त्यातलं 'करण्यात येईल' पाहिलंत का? आता आश्वासन समितीचं नाव घ्या."

मंत्र्यांनी सभागृहात 'तपासून पाहू', 'कार्यवाही करू', 'निर्णय घेऊ' असे काही म्हटले, की ते आश्वासन समजून त्याची नोंद होते आणि ते पुरे झाले की नाही हे ही समिती खात्याला विचारत राहते. मी हे ऐकून थक्क झाले. तीन दशके मी मुलांना सांगत आले, की पुढारी आश्वासने देतात आणि विसरतात. ती न विसरू देणारी एक समितीच आहे, हे मला कुणी शिकवले नव्हते आणि मीही कुणाला शिकवले नव्हते. समितीने विचारले म्हणजे काम होतेच असे नाही. पुष्कळ आश्वासने वर्षानुवर्षे तशीच पडून राहतात. पण विचारणारे कुणीतरी नेमलेले आहे.

त्यांनी मग एकेक समिती उलगडून सांगितली आणि मी जुन्या वहीत लिहून घेतले. कोणत्या विषयाला किती वेळ द्यायचा हे ठरवणारी कामकाज सल्लागार समिती. खर्च झालेल्या पैशांचा हिशेब, महालेखापरीक्षकांचा अहवाल हातात घेऊन तपासणारी लोकलेखा समिती. तिचे प्रमुखपद विरोधी बाकांवरच्या सदस्याला द्यायचा संकेत आहे. पैसा नीट खर्चता येईल का ते बघणारी अंदाज समिती. जिल्हा परिषदांच्या दारात जाऊन तपासणी करणारी पंचायत राज समिती, जी येणार म्हटले की कार्यालयांत फायली रात्री दहापर्यंत शोधल्या जातात. सामान्य माणसाचे गाऱ्हाणे सदस्याच्या सहीने थेट सभागृहात नेणारी विनंती अर्ज समिती. आणि रोजगार हमी योजनेची स्वतंत्र समिती.

ही शेवटची माझ्या जवळची. रोजगार हमीची कल्पना रुजवली ती वि. स. पागे यांनी, विसापूरच्या दुष्काळी मातीतून आलेल्या माणसाने. १९७७ मध्ये विधिमंडळाने त्याचा कायदा केला: काम मागेल त्याला काम. मग देशाचा कायदा आला तो २००५ मध्ये. माझी आई १९७२ च्या दुष्काळात खडी फोडायला जात होती. तिच्या हातांना पडलेले घट्टे आणि मुंबईतल्या एका खोलीतली ती समिती, यांच्यामध्ये सरळ रेघ ओढता येते, हे वयाच्या पन्नाशीत कळणे मला फार मोठे वाटले. आई असती तर तिला सांगितले असते.

८. रिकाम्या बाकांपुढेही बोलावे लागते.

दुसऱ्यांदा मी गेले ती अर्थसंकल्पी अधिवेशनात, संध्याकाळी. दिवसा टीव्हीवर दिसणारे सभागृह वेगळे: उजवीकडे सत्ताधारी, डावीकडे विरोधक, मधल्या मोकळ्या जागेत घोषणा, सभात्याग. संध्याकाळी सातनंतर तिथे मोजकी माणसे होती. गणसंख्या एक दशांश, म्हणजे २९. तेवढी आहेत का असे कुणी विचारले तर घंटा वाजवून सदस्यांना बोलवावे लागते. कुणी विचारले नाही. अध्यक्षांच्या खुर्चीवर, ते नसताना काम चालवणाऱ्यांच्या तालिकेवरचे एक सदस्य बसले होते. मंत्र्यांच्या बाकावर एकच मंत्री, कागदावर टिपणे घेत.

एक सदस्य उभे होते. कुठल्याशा आदिवासी भागातले, पहिल्यांदाच निवडून आलेले असावेत. हातात कागद होता आणि कागद थरथरत होता. आपल्या भागातल्या आश्रमशाळांच्या इमारतींबद्दल ते बोलत होते. शाळांची नावे एकामागून एक, सावकाश, जणू प्रत्येक शाळेचा हात धरून ते तिला आत आणत होते. ऐकायला जवळजवळ कुणी नव्हते. पण समोर मध्यभागी प्रतिवेदक बसले होते आणि त्यांचे हात चालू होते. थोड्या वेळाने एक उठले, दुसरे येऊन बसले, एक शब्दही न चुकता लिहिणे पुढे सुरू झाले. त्या भाषणाला टाळी पडली नाही. मला सज्ज्यात टाळी वाजवायची परवानगी नव्हती. असती तर मी उभी राहिले असते.

पाठ शिकवताना मी प्रतिवेदकांचे नावही घेतले नव्हते.

९. विरोधी पक्षनेत्याची खुर्ची रिकामी राहणे कुणाच्याच फायद्याचे नाही.

२०२४ च्या निवडणुकीत विरोधकांपैकी एकाही पक्षाला या पदासाठी संकेताने लागणाऱ्या एक दशांश जागा मिळाल्या नाहीत आणि त्यानंतर अधिवेशनांमागून अधिवेशने त्या पदाविना गेली. मी कुठल्या पक्षाची नाही. पण घरात सासू नसलेल्या सुनेलाही शेजारची कुणीतरी मोठी बाई लागते, 'हे असं का केलंस' विचारणारी. सरकारला तसे विचारणारे माणूस सभागृहाने मान देऊन, खुर्ची देऊन बसवलेले असावे, असे मला मनापासून वाटते. अध्यक्षपदाचेही तेच. फेब्रुवारी २०२१ ते जुलै २०२२ विधानसभेला अध्यक्ष नव्हते. उपाध्यक्ष नरहरी झिरवाळ यांनी सभागृह चालवले. उपाध्यक्ष कशासाठी असतो, हे मला त्या सतरा महिन्यांनी पुस्तकापेक्षा चांगले शिकवले.

१०. सज्ज्यातून खाली पाहताना मी बायका मोजल्या.

एवढेच सांगते. २०१९ मध्ये २४ निवडून आल्या, २०२४ मध्ये २१. २०२३ च्या घटनादुरुस्तीने विधानसभांत एक तृतीयांश जागा महिलांसाठी ठरल्या आहेत, जनगणना आणि मतदारसंघांची फेररचना झाल्यावर. २८८ च्या एक तृतीयांश म्हणजे ९६. माझ्या वर्गातल्या मुलींना मी हा भागाकार फळ्यावर येऊन करायला लावत असे.

११. घंटा, वही आणि एक अबोल मुलगी.

साकव पुढे तिसऱ्या उन्हाळ्यात झाला. प्रश्नामुळे, की जिल्ह्याच्या टेबलावर केलेल्या हेलपाट्यांमुळे, की दोन्हींमुळे, ते मला ठरवता येत नाही. मुले पावसात येऊ लागली. त्यानंतर माझ्या नोकरीचे शेवटचे वर्ष आले. दिवाळीनंतर विधानसभेचा पाठ आला, तेव्हा मी फळ्यावर काही लिहिले नाही. बाके हलवली. निम्मी उजवीकडे, निम्मी डावीकडे, मध्ये माझी खुर्ची. अध्यक्ष म्हणून मी त्या वाडीतल्याच एका मुलीला बसवले. सबंध वर्षात ती वर्गात दहा वाक्येही बोलली नव्हती. तिच्या हातात शाळेची पितळी घंटा दिली. एका मुलाला प्रतिवेदक केले आणि त्याला सांगितले, जे बोलले जाईल ते सगळे लिही, चूकसुद्धा. एका मुलीला आश्वासन समिती केले आणि एक कोरी वही दिली.

पहिला तारांकित प्रश्न आला: 'मुलींच्या स्वच्छतागृहाच्या नळाला दोन महिने पाणी नाही, हे खरे आहे काय?' मंत्री म्हणून मुख्याध्यापक सर स्वतः येऊन बसले होते. वर्गात हशा झाला, गलका झाला, दोन मुले एकदम उभी राहिली. अबोल मुलीने घंटा वाजवली. एकदाच, पण जोरात. "खाली बसा," ती म्हणाली, "सरांचं उत्तर येऊ द्या." वर्ग बसला.

सर म्हणाले, "तपासून पाहू."

आश्वासन समितीने वही उघडली आणि तारीख घातली. मी पुढच्या सोमवारपर्यंत ते विसरून गेले होते. मधल्या सुट्टीत शिक्षकखोलीच्या दारात कुणीतरी उभे असल्यासारखे वाटले म्हणून मान वर केली, तर वही छातीशी धरून ती उभी होती. तिने माझ्याकडे पाहिलेही नाही. ती सरांच्या टेबलाकडे बघत होती.